सीआरपी उतरले तर रक्तदाब उतरेल का?

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या स्त्रिया तपासणीचा अहवाल पुढे ठेवून मला एक प्रश्न वारंवार विचारतात : सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, दाह असल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) वाढले आहे, म्हणजे शरीरात दाह (आतली सूज, इन्फ्लमेशन) आहे, मग तो कमी केला तर रक्तदाबही उतरेल का? माझे उत्तर ‘तशी अपेक्षा ठेवू नका’ असे असते. मात्र प्रश्न भाबडा नाही.

सीआरपी यकृतात तयार होते आणि त्यासाठीचा इशारा यकृताला मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या रेणूकडून मिळतो. हा रेणू जंतुसंसर्गात वाढतो, तसाच तो शरीरातील चरबीतूनही सतत थोडा थोडा पाझरत असतो. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ स्टडी’त ४५ वर्षे व त्यापुढील २०,५२५ स्त्रियांचा सुमारे ८ वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांचे सीआरपी सुरुवातीलाच जास्त होते, त्यांच्यात पुढे उच्च रक्तदाब अधिक प्रमाणात आढळला. दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, एवढेच यावरून सिद्ध होते. जनुकीय फरकामुळे ज्यांचे सीआरपी मुळातच जास्त असते, त्यांचा रक्तदाब त्यामुळे वाढलेला दिसत नाही. आणि कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सीआरपी घटले, हृदयविकाराचे झटकेही घटले, रक्तदाबावर मात्र परिणाम झाला नाही.

स्त्रियांचा अहवाल वाचताना मी आकड्याआधी औषधांची यादी पाहतो. तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात पोहोचते आणि तेथे सीआरपीची निर्मिती वाढवते. त्वचेवर लावायच्या पट्टीतून तेच संप्रेरक दिले तर हा परिणाम सहसा होत नाही. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या तर काही स्त्रियांचा रक्तदाबही वाढवतात, म्हणजे एकाच गोळीमुळे दोन्ही आकडे वर गेलेले असू शकतात आणि आपण मात्र एकाला दुसऱ्याचे कारण समजत बसतो.

हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी ही तपासणी करतात. त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत म्हणजे कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त धोका मानतात. आकडा १० च्या पुढे गेला तर आधी सर्दी-ताप, हिरड्यांची सूज किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग शोधावा आणि दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. (काही प्रयोगशाळा आकडा डेसिलिटरमध्ये देतात, तेव्हा ०.३ म्हणजे ३.)

दाह घालवायचा म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके स्वतःहून सुरू करणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी साठवून ठेवतात आणि रक्तदाबाच्या अनेक औषधांचा परिणाम बोथट करतात. अशी गोळी चालू असेल, तर अहवाल दाखवण्याआधी तिचे नाव डॉक्टरांना सांगावे.