तुम्ही विचारलेत म्हणून: सूसाठी भांडणारा माणूस जेंटीच्या बाजूला कसा?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन-ओमाहाकडच्या मराठी मंडळींत, आणि हल्ली पुण्याहून येणाऱ्या फोनवरसुद्धा, मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. 2009 साली हाइझमन ट्रॉफी, म्हणजे अमेरिकी फुटबॉलमध्ये विद्यापीठांच्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी मिळणारा मान, नेब्रास्का विद्यापीठाच्या न्डामुकाँग सू या बचावपटूलाच मिळायला हवी होती म्हणून जो माणूस घसा कोरडा होईपर्यंत भांडला, तोच माणूस 2024 साली बचावातही खेळणाऱ्या ट्रॅव्हिस हंटरला ती मिळाल्यावर नाराज कसा होतो, आणि बॉइझी स्टेटच्या अ‍ॅश्टन जेंटीची, म्हणजे चेंडू काखेत मारून धावणाऱ्या एका रनिंग बॅकची, बाजू कशी घेतो? प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे ‘सापडलात की नाही’ हे भाव तेवढे रास्त नसतात, आणि त्या भावांना दरवेळी तोंडी उत्तर देण्याचा आता कंटाळा आला आहे, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो. (सूच्या नावावरून मराठी माणसाला जे विनोद सुचू शकतात ते आमच्याकडे केव्हाच होऊन गेले आहेत, कृपया नवे पाठवू नयेत.)

सर्वांत सोपा आरोप आधी घेतो. हंटर कोलोरॅडोचा, नेब्रास्काचे आणि कोलोरॅडोचे जुने हाडवैर, आणि मी आयुष्याचा मोठा भाग लिंकनमध्ये काढलेला. तेव्हा माझे मत द्वेषातून आले आहे, असे म्हटले जाते. 7 सप्टेंबर 2024 रोजी मेमोरियल स्टेडियममध्ये नेब्रास्काने कोलोरॅडोला 28–10 असे हरवले तेव्हा मी तिथे होतो आणि लाल शर्ट घालून मनसोक्त ओरडलो, हे मी कशाला नाकारू? पण त्याच सामन्यात हरणाऱ्या संघाकडून हंटरने 10 झेल घेऊन संघाला 110 यार्ड पुढे नेले, आणि मी त्याच्यावरून नजर हलवू शकलो नाही, हेही तितकेच खरे आहे. आक्रमणाची पाळी संपली की बाकीचे खेळाडू शिरस्त्राण काढून बाकाकडे चालू लागत. हा मात्र मैदानावरच राहून दोन पावले मागे सरकायचा आणि आता दुसऱ्या संघाच्या झेल घेणाऱ्यापुढे उभा राहायचा. असे आधुनिक काळात फारच कमी जणांनी केले आहे. त्याला ट्रॉफी मिळाली याचे मला दुःख नाही. ज्याला ती मिळाली नाही त्याच्याबद्दल मला बोलायचे आहे, आणि त्यासाठी 2009 कडे जावे लागते.

5 डिसेंबर 2009, शनिवार. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठगटाचा अंतिम सामना, टेक्सास विरुद्ध नेब्रास्का. टेक्सास तोवर अपराजित होते, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा, कोल्ट मकॉय हाइझमनचा प्रमुख दावेदार होता, आणि आमच्या तळघरात जमलेल्या मंडळींत ऑस्टिनहून, म्हणजे टेक्सास विद्यापीठातूनच, पदवी घेतलेला एक नागपूरकर मित्र होता, जो नारिंगी टोपी घालून मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसला होता. आमचे आक्रमण त्या रात्री इतके दरिद्री होते की संपूर्ण सामन्यात मिळून 106 यार्ड मिळाले. टचडाउनचे, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्याचे, नाव नाही, चार फील्ड गोलांचे, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेल्या चेंडूंचे, 12 गुण, एवढीच पुंजी. आणि तरीही आम्ही शेवटपर्यंत सामन्यात होतो, कारण बचावाच्या मध्यभागी सू होता.

त्याच्यासमोर एक माणूस उभा करून भागत नाही हे टेक्सासला ठाऊक होते, म्हणून दोन उभे केले, कधी तिसराही मदतीला धावला. तो दोघांच्या मधून, कधी दोघांनाही ढकलत, मकॉयपर्यंत पोहोचायचा. एकदा तर त्याने मकॉयला धरून असे बाजूला भिरकावले की माझ्या मित्राने हातातली ताटली खाली ठेवली आणि काही वेळ तो काहीच बोलला नाही. 12 टॅकल (चेंडूवाल्याला पाडणे), त्यांपैकी 7 टॅकल प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलणारे, साडेचार सॅक (क्वार्टरबॅकलाच पाडणे). डिफेन्सिव्ह टॅकल या, बचावाच्या मधल्या, जागेवर खेळणारा माणूस संपूर्ण हंगामात एवढे करतो तेव्हा त्याचे कौतुक होते.

एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद उरले असताना आम्ही 12–10 असे पुढे गेलो. मग आमचा चेंडू सीमारेषेबाहेर मारला गेला, त्यामुळे टेक्सासला सुरुवातच 40 यार्डांवरून मिळाली. मग एक लांब पास आणि त्याला जोडून आमच्यावर दंड. अगदी शेवटी मकॉय चेंडू घेऊन उजवीकडे पळत राहिला आणि त्याने तो बाहेर फेकला तेव्हा घड्याळात शून्य होते. आमच्याकडची मंडळी मैदानात धावली, तळघरात मीही उठून उभा राहिलो. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि घड्याळात एक सेकंद परत घातला. त्या एका सेकंदात 46 यार्डांवरून फील्ड गोल झाला. टेक्सास 13, नेब्रास्का 12.

तो सेकंद नियमाला धरून होता की नव्हता, यावर मी येथे बोलणार नाही. चेंडू मैदानाबाहेर कधी टेकला ते त्या चित्रफितीत दिसते, आणि ते पाहण्याची माझी आजही तयारी नसते. मला लक्षात राहिले ते मित्राचे वाक्य. टोपी काढून तो म्हणाला, “सामना आम्ही जिंकला रे, पण तुझ्या सूनं आमच्या मकॉयची ट्रॉफी घालवली. आणि बघ, त्याला स्वतःला काही ती मिळायची नाही.”

तसेच झाले. त्याच दिवशी दुपारी अलाबामाने फ्लोरिडाला 32–13 असे हरवले होते, आणि त्यात अलाबामाच्या मार्क इंग्रमने 113 यार्ड धावून तीन टचडाउन केले होते. मतदानाला जेमतेम दोन दिवस उरलेले. देशभरातील मतदारांच्या डोळ्यांसमोर ताजे चित्र होते ते इंग्रमचे. पुढच्या शनिवारी न्यूयॉर्कमध्ये निकाल लागला: इंग्रम 1,304, स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट 1,276, मकॉय 1,145 आणि सू 815. पहिल्या दोघांतला 28 गुणांचा फरक हा या ट्रॉफीच्या इतिहासातला सर्वांत कमी फरक. ज्याने हे सारे उलथवले तो चौथा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सूला निवडले, आणि तो मान मिळवणारा तो पहिला बचावपटू ठरला, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलो आहे. ज्यांना माझा कंटाळा आला त्यांना मुख्यतः याच वाक्याचा आला असावा.

त्या काळातला मी जे म्हणत होतो ते थोडक्यात असे होते: ही ट्रॉफी ‘सर्वोत्तम खेळाडू’साठी आहे असे कागदावर लिहिलेले असते, प्रत्यक्षात ती चांगल्या संघाच्या क्वार्टरबॅकला किंवा रनिंग बॅकला दिली जाते. फलंदाजाने शतक ठोकले की गोलंदाजाचे पाच बळी झाकोळून जावेत, तसा हा प्रकार. 1935 पासूनच्या यादीत मुख्यतः बचावासाठी खेळणारा विजेता एकच, 1997 चा मिशिगनचा चार्ल्स वुडसन, आणि त्यालाही झेल घेताना आणि किक परतवताना लोकांनी पाहिले नसते तर टेनेसीचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग मागे पडला असता का, याची मला शंकाच आहे. मतदार कोण, तर सहा विभागांत प्रत्येकी 145 पत्रकार, हयात असलेले माजी विजेते आणि सगळ्या चाहत्यांचे मिळून एक मत. प्रत्येकाने तीन नावे लिहायची, त्यांना 3, 2 आणि 1 गुण. या पद्धतीत आकड्यांनी बोलणारा खेळाडू जिंकतो, कारण कोणीही सगळे सामने पाहू शकत नाही. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने संपतात तेव्हा पूर्वेकडचा मतदार झोपलेला असतो. पश्चिमेकडच्या गेरहार्टचे 28 गुण तिथेच गेले, असे मी आजही मानतो.

आता 2024. जेंटीने मतदानापर्यंत 2,497 यार्ड धाव घेतली होती, आणि मी लोकांना तो आकडा सांगत सुटलो. येथे 2009 मधला मी मला अडवतो आणि विचारतो, ‘आकडे मोजणाऱ्यांना आपण शिव्या देत होतो ना?’ त्याला माझ्याजवळ एक उत्तर आहे, आणि ते त्याला पूर्ण पटत नाही हेही सांगून टाकतो. मी सूच्या बाजूने होतो तो तो बचावपटू होता म्हणून, असे सगळे धरून चालतात. कदाचित मीही तसेच धरून चाललो होतो. पण त्या रात्री मला जे दिसले ते असे होते की समोरच्या संघाने आपली सारी योजना एका माणसाला थांबवण्यासाठी आखली होती, सर्वांना ते माहीत होते, त्यालाही माहीत होते, आणि तरीही तो थांबला नाही. बॉइझीचा प्रत्येक प्रतिस्पर्धी जेंटीसाठी हेच करत होता. चेंडू कोणाकडे जाणार हे स्टेडियममधल्या खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही माहीत असायचे, सात-आठ जण पुढे गर्दी करून उभे असायचे, आणि पहिल्या माणसाचा हात लागल्यावरही तो पुढे जात राहायचा. हंटरची गोष्ट वेगळी आहे. तो ज्या बाजूला उभा असेल त्या बाजूला चेंडूच फेकायचा नाही, हा उपाय प्रतिस्पर्ध्याला उपलब्ध होता. त्याचे मोठेपण पसाऱ्यात आहे, दोन माणसांचे काम एकट्याने करण्यात. मला दुसऱ्या प्रकारचे मोठेपण अधिक भावते. भावते, एवढेच, सिद्ध करता येत नाही.

‘बॉइझीचे प्रतिस्पर्धी दुबळे’ हा आक्षेप मला मान्य आहे, पण ज्या ऑरेगनने पुढे नियमित हंगाम अपराजित संपवला त्याच ऑरेगनविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, जेंटीने 192 यार्ड आणि तीन टचडाउन केले, आणि बॉइझी शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर 37–34 असे हरले. शेवटच्या क्षणाचा फील्ड गोल. हे वाचून तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. आर्लिंग्टनमधला तो सेकंद माझ्या मताच्या तळाशी बसला आहे का? असेल. पत्रकारांवर मी आरोप करतो की ते शेवटी पाहिलेल्या एका सामन्यावरून मत ठरवतात; माझेही सूबद्दलचे मत मुख्यतः एका रात्रीतून आले आहे. फरक इतकाच की त्यांच्या मताला गुण मिळतात.

हंटर 2,231, जेंटी 2,017. सूच्या वर्षानंतरची ही सर्वांत अटीतटीची मतमोजणी होती. पुढे 31 डिसेंबरच्या रात्री पेन स्टेटच्या बचावाने जेंटीला 104 यार्डांवर रोखले, आणि बॅरी सँडर्सचा एका हंगामात सर्वाधिक धावण्याचा 1988 चा 2,628 यार्डांचा विक्रम 27 यार्डांनी राहिला. हंटरचे समर्थक त्या रात्री मला संदेश पाठवत होते, की पाहा, खऱ्या संघापुढे काय झाले. मी उलट लिहिले की सँडर्सच्या आकड्यात त्याचा शेवटचा ‘बोल’ सामना, म्हणजे नियमित हंगामानंतरचा खास सामना, धरलेलाच नाही, कारण तेव्हा तो धरत नसत. तो धरला तर विक्रम आणखी वर जातो. माझ्याच उमेदवाराला कमी करणारी ही माहिती मी का पुरवली, हे मला सांगता येणार नाही. बहुधा वाद चालू राहावा म्हणून.

तेव्हा विचारलेच आहे तर माझी मतपत्रिका देऊन टाकतो. 2024: पहिला जेंटी, दुसरा हंटर, तिसऱ्या नावात मला रस नाही. 2009: पहिला सू, दुसरा गेरहार्ट. तिसऱ्या जागी इंग्रम की मकॉय, यावर नागपूरकराशी अजून बोलणी चालू आहेत. तो म्हणतो, सूच्या हातून इतका मार खाऊनही जो सामना जिंकून परतला, त्याला तीन नावांत जागा नसेल तर ही सारी चर्चाच व्यर्थ आहे. मी त्याला इंग्रमचे 113 यार्ड सांगतो, आणि तो म्हणतो, “आला बघ आकड्यांवर.”