पिंप

माझं आडनाव पेरेरा. बॉस्टनला नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात ऑफिसातल्या एकाने विचारलं, "मग तू आमच्यातलाच की! कुठल्या बेटावरचा?" त्याचे पणजोबा मदेराचे. मदेरा म्हणजे आफ्रिकेच्या वायव्येला, अटलांटिकमध्ये असलेलं पोर्तुगालचं डोंगराळ बेट. मी म्हटलं, बाबा, मी वसईचा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून किल्ला घेतला तेव्हाच तुमचा-आमचा संबंध संपला, आडनाव तेवढं मागे राहिलं. पेरेरा म्हणजे नासपतीचं झाड. आमच्या वाडीत सगळी केळीच. पण त्याला काही पटेना. "ते असू दे, ऑगस्टमध्ये फेस्तला ये," म्हणाला.

फेस्त, म्हणजे चर्चचा सण! हा शब्द ऐकल्यावर वसईचा माणूस नाही कसा म्हणणार?

हे फेस्त न्यू बेडफर्डला, बॉस्टनपासून गाडीने तासाभरावर. एकेकाळी हे गाव देवमाशाच्या तेलावर गबर झालं. इथली जहाजं वाटेत असोर्स या पोर्तुगालच्याच बेटांवर थांबून खलाशी उचलत, आणि त्यातले बरेच इथेच उतरून राहिले. पुढे तेलाचा धंदा बसला आणि कापडगिरण्या आल्या. मदेराची माणसं आली ती मुख्यतः या गिरण्यांत. बेटावरच्या द्राक्षवेलींना १९व्या शतकात आधी बुरशीने, मग किडीने खाल्लं होतं, जमीन मूठभर आणि खाणारी तोंडं ढीगभर. १९१५ साली यातल्या चौघांनी ठरवलं की गावाकडे होतो तसा सण इथेही करायचा. त्यातूनच क्लब उभा राहिला, ‘क्लुब मदेरेंस’. नावात पुढे पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तप्रसादही आहे, म्हणजे देव आणि मंडळ एकाच पाटीवर. ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारला जोडून चार दिवस हा उत्सव चालतो. जगातला सर्वांत मोठा पोर्तुगीज उत्सव आमचाच, असं ते सांगतात. आपल्याकडे हे वाक्य प्रत्येक गणेशोत्सव मंडळ म्हणतं, त्यामुळे मी मान डोलावली.

मला सगळ्यात आवडला तो मांसाचा कारभार. तिकडे कोणी वाढत नाही. खिडकीवर रांग लावून बीफचे कच्चे तुकडे वजनावर घ्यायचे, मीठ-लसूण चोळायचं, पुरुषभर उंचीच्या लोखंडी सळईत ओवायचे आणि जाऊन उभं राहायचं चाळीसएक फूट लांब निखाऱ्यांच्या चरापाशी. दोन्ही बाजूंनी माणसं खांद्याला खांदा लावून, हातात सळया, डोळ्यांत धूर. कुणाची सळई कुठली हे पाच मिनिटांनी कळेनासं होतं. माझी एका बाजूने करपायला लागली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने काही न बोलता तिला हात घालून अर्धा वळसा दिला आणि परत आपल्या कामाला लागला. आमच्याकडे लग्नात भट्टीवर उभा असलेला काका अगदी असाच असतो.

मग वाईन. तिचंही नाव मदेराच, थेट बेटावरून येते, लहान ग्लासात, गोडसर, थोडी जळक्या साखरेची चव. माझा मित्र लाकडी पिंपाकडे बोट दाखवून म्हणाला, "पीपा."

मी म्हटलं, "काय?"

"पीपा. वाईनचं. आमच्याकडे एकात चारशे लिटरच्या वर मावते."

वसईला मागच्या दारी, विहिरीशेजारी आमचं निळं प्लॅस्टिकचं पिंप आहे. त्याच्या आधी पत्र्याचं होतं. ते पोर्तुगीज असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पगार, चावी, घमेलं हे सगळं पोर्तुगिजांकडून आलं हे शाळेत पाठ केलं होतं, पण पाठ केलेल्या गोष्टी आपल्याला कुठे दिसतात?

त्यातून मित्राने आणखी एक भानगड सांगितली. भारताकडे निघालेली जहाजं मदेराला थांबून वाईनची पिंपं घेत. उष्ण कटिबंधातून जाता-येता तळाच्या खणात वाईन शेकून निघे. नासायच्या ऐवजी ती जास्तच चांगली लागते असं लक्षात आलं, तेव्हा काही पिंपं मुद्दाम भारताची चक्कर मारून परत आणू लागले. ‘विन्यो दा रोदा’, फेरी मारून आलेली वाईन. आता ते कष्ट नाहीत, बेटावरच उष्ण माळ्यावर ठेवतात. म्हणजे आमच्या किनाऱ्यापर्यंत येऊन, आम्हाला घोटभरही न देता पिंपं परत गेली. शब्द तेवढा उतरवून गेली.

क्लबच्या दिवसांवर एक सावली आहे. १९१७ साली अमेरिकेने आत येणाऱ्यांना वाचता आलं पाहिजे अशी अट घातली, १९२१ साली देशवार कोटा लावला आणि १९२४ साली तो आणखी आवळला. पोर्तुगालमधून माणसं येणं जवळजवळ थांबलं. होती ती माणसं, तोच क्लब, तीच वर्गणी. त्यातच १९२८ साली एप्रिलमध्ये गिरणीमालकांनी पगारात १० टक्के कपात जाहीर केली. सुमारे ३०,००० कामगार संपावर गेले, त्यांत पोर्तुगीज पुष्कळ. ऑक्टोबरमध्ये ५ टक्के कपातीवर मिटलं. मी हे ऐकून थबकलोच, कारण मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा संपसुद्धा १९२८चाच, एप्रिल ते ऑक्टोबर. एकाच वर्षी, त्याच महिन्यांत, लालबाग-परळला आणि इथे चुली थंड. आणि ज्या पगारासाठी भांडत होते, तो शब्द दोन्हीकडे एकाच घरचा!

गिरणगावातही गावागावाच्या खोल्या आणि ग्रामस्थ मंडळं होतीच. तिथला चाकरमानी गावच्या जत्रेला पैसे पाठवायचा. इथल्यांनी जत्राच इकडे आणली, कारण परत जाण्याची बोट फार महाग. १९६५ साली अमेरिकेने कोटा काढला तेव्हा नवी माणसं यायला लागली. तोवर जुन्यांनी तुटपुंज्या गिरणीपगारातून एक मैदान, एक हॉल आणि निखाऱ्यांचा एवढा लांब चर टिकवून ठेवला होता. मला या लोकांचं कौतुक वाटतं ते यासाठी.

रात्री नऊला, कपड्यांना धुराचा वास घेऊन गाडीत बसलो आणि आईला फोन लावला. वसईला सकाळचे साडेसहा. मी उत्साहाने म्हटलं, "आई, पिंप हा शब्द कुठून आलाय माहितीये का?"

"नंतर सांग. नळाला पाणी आलंय, पिंप भरू दे आधी," म्हणून तिने फोन ठेवला.