दहा कावळे

गरे खाता खाता कुणीतरी पुतणीला कोडं घातलं. झाडावर दहा कावळे बसलेत, शिकाऱ्याने गोळी घातली, एक मेला. राहिले किती? मे महिन्याची दुपार, वीज गेलेली, जेवण अंगावर आलेलं. दुसरा उद्योग नव्हताच.

पोरगी म्हणाली, "नऊ." सोप्यावर खसखस पिकली. "अगं, बार ऐकून बाकीचे काय बसून राहतील?" तिचं तोंड एवढंसं झालं. या कोड्यावर माझा लहानपणापासून राग आहे तो यासाठीच. वर्गात नऊ म्हटलं की शाबास, घरी नऊ म्हटलं की बावळट. बरं, तुम्ही शहाणपणाने 'शून्य' म्हणावं, तर घालणारा लगेच फिरतो, "चूक! मेलेला फांदीत अडकला, एक राहिला." जिंकणार तोच.

पण या खेपेला भाचा होता. त्याला पक्ष्यांचं वेड. भल्या पहाटे रायबंदरहून फेरीबोट पकडून चोडणच्या सलीम अली अभयारण्यात जातो आणि खारफुटीत दुर्बीण लावून बसतो. तो म्हणाला, "उडालेले पण मोजतात, मामा." मोठा थवा आला तर आधी दहा मोजायचे, दहांनी किती जागा अडवली ते नजरेत धरायचं आणि तेवढे तेवढे तुकडे थव्यावर टाकत जायचं.

"आणि मेलेला?"

"तो यादीत धरत नाहीत. जिवंत तेवढेच."

म्हणजे नऊच की! पोरीने गऱ्याचे चिकट हात थेट माझ्या सदऱ्याला पुसले.

आईला मात्र मुळातच मान्य नव्हतं. "कावळे पळतात हे तुम्हाला सांगितलं कुणी?" मागे एकदा तारेला चिकटून एक कावळा आमच्या माडाखाली पडला होता. बघता बघता कौलांवर, न्हाणीच्या छपरावर, तारेवर नुसते कावळेच कावळे, आणि तो कलकलाट! आई झाडू घेऊन उचलायला गेली तर एकाने तिच्या अंबाड्यावरच झडप घातली. संध्याकाळपर्यंत तिला मागच्या दारी जाता येईना. "एक मेला की दहाचे पन्नास होतात," ती म्हणाली. खरं आहे. आणि म्हाळाच्या दिवशी पान ठेवून घसा फुटेस्तोवर बोलवा, त्याच माडावर औषधालाही कावळा नसतो. बिरबलाने बरं सांगितलं होतं : कमी भरले तर ते पाहुणचाराला गेले समजा, जास्त भरले तर बाहेरचे पाहुणे आले समजा.

भाचा अजून थांबायला तयार नव्हता. १९७२च्या वन्यजीव कायद्यात कावळा म्हणे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, उंदरांच्या पंगतीला होता. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. तेव्हा शिकारी कोणत्या साली आला, हे आधी सांगा!

शेजारचे भाऊ इतका वेळ डोळे मिटून आरामखुर्चीत पडले होते. त्यांची काजूची बाग आहे आणि बागेपायी परवान्याची बंदूक.

"साल नको," ते डोळे न उघडता म्हणाले, "निवडणूक कधी ते सांगा. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. मग कावळे दहाचे दहा. आणि मोजायची एवढी हौस असेल तर उद्या बागेत या, माझी माकडं मोजा."