अर्धं मांडूळ

पंचनाम्यात ‘मांडूळ, एक नग, जिवंत’ असं लिहून झाल्यावर सापाची ओळख पटवायला मला बोलावलं. आमच्याकडे आधी शिक्का, मग ओळख.

बादलीवरचं गोणपाट काढलं. मांडुळाचं शेपूट डोक्याइतकंच बोथट असतं, म्हणून तर लोक त्याला दुतोंड्या म्हणतात आणि किलोवर लाखांच्या गप्पा मारतात. याचं शेपूट निमुळतं होत गेलेलं. बरं, मांडुळाचीच भाऊबंद दुरक्या घोणस म्हणावी, तर तिचे शेपटाकडचे खवले हाताला किसणीसारखे लागतात, पाठीवर गडद ठिपक्यांची नागमोडी असते. इथे ना किसणी, ना नक्षी, नुसता तपकिरी रंग. खवल्यांच्या ओळी मोजायला घेतल्या. मांडुळाच्या 53 ते 67 भरतात. साप फुगतो, आकसतो, मी मध्येच अडखळतो. तीनदा मोजलं, तीन आकडे आले. शेवटी शेपूट आणि खवल्यांच्या स्पर्शावरूनच ठरवलं : व्हिटेकर्स बोआ, याच गोतावळ्यातली तिसरी जात.

“म्हणजे संकर का हो?” वनखात्याच्या साहेबांनी विचारलं. मला त्यांना हसता येईना. 1991 मध्ये सरीसृपतज्ज्ञ इंद्रनील दास यांनी ‘इरिक्स व्हिटेकरी’ ही स्वतंत्र जात मांडेपर्यंत जाणकारही याला मांडूळ-दुरक्याचा संकरच समजत. शिवाय आम्ही साप अभ्यासणारे तरी कुठे एका नावावर ठाम? दुरक्याला मध्यंतरी ‘गाँजिलोफिस’ वंशात नेलं, डीएनए पाहून परत ‘इरिक्स’मध्ये आणलं. माझा एक मित्र अजून बाटल्यांवर जुनंच नाव लिहितो, हट्टानं.

“मग अर्धं मांडूळच की!” म्हणत साहेबांनी फाइल मिटली.

पण मुद्दा नावाचा नव्हता. आरोपी सांगत होता, साप सोलापूरकडे शेतात सापडला. व्हिटेकर्स बोआ घाटाखालच्या पश्चिम किनारपट्टीचा. म्हणजे तो घाट चढून आलेला, कुणाच्या तरी पिशवीतून. ती पिशवी कुणाची, हा खरा तपास. मी तसं वेगळ्या कागदावर लिहून सही केली. तो कागद पंचनाम्याला टाचलाही असेल.

आदेश आला : मांडूळ नैसर्गिक अधिवासात सोडावे. मांडुळाचा अधिवास म्हणजे कोरडं माळरान. मी दोनदा फोन केला. “सर, आदेशात जे नाव आहे तेच बघावं लागतं.” नवा अर्ज करून आदेश दुरुस्त करून घ्यायला हवा होता. मी तो केला नाही. फोनवर भागेल असं वाटलं.

संध्याकाळी वनरक्षकानं फोटो पाठवला. बाभळीखाली भुसभुशीत माती, साप अर्धा आत गेलेला. खाली लिहिलंय, ‘काम झालं सर.’ फोटो मोठा करून पाहिला. बाहेर राहिलंय ते शेपूटच, निमुळतं.