साभार परत

शनिवार, रात्री साडेअकरा

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांपैकी आज १९ वाचल्या. दोन बाजूला ठेवल्या, बाकीच्या 'साभार परत'च्या ढिगावर गेल्या. डोळे शिणले होते, पण झोप येईना, म्हणून 'आउट ऑफ द अननोन' या बीबीसीच्या जुन्या विज्ञानकथा-मालिकेतला 'द मशीन स्टॉप्स' हा भाग लावला. ही तिसरी वेळ.

ई. एम. फॉर्स्टरची मूळ कथा १९०९ची. माणसं जमिनीखाली राहतात, प्रत्येकाची खोली वेगळी. अन्न, हवा, संगीत, गप्पा सगळं यंत्र पुरवतं. वाश्ती नावाच्या बाईचा मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि एकच हट्ट धरतो : मला तू पडद्यावर नकोस, समोर हवीस. फिलिप सॅव्हिलनं दिग्दर्शित केलेला हा भाग ऑक्टोबर १९६६मध्ये दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी इटलीतल्या त्रिएस्तच्या विज्ञानपटांच्या महोत्सवात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. इव्हॉन मिचेलची वाश्ती बघताना मला दर वेळी तिची कीव येते. राग करावासा वाटतच नाही. मुलगा बोलावतो आणि तिला प्रवासाचीच धास्ती वाटते. माझी आईही गाव सोडून यायला अशीच घाबरायची.

पण आज मन गुंतलं ते आयरीन शुबिकमध्ये.

'आउट ऑफ द अननोन' ही मालिका तिची, निर्माती आणि कथा-संपादक तीच. आधी ती एबीसी या खाजगी वाहिनीवर सिडनी न्यूमन यांच्या हाताखाली कथा-संपादक होती. १९६२ साली तिथेच तिनं 'आउट ऑफ धिस वर्ल्ड' केली, दर आठवड्याला एक स्वतंत्र विज्ञानकथा आणि निवेदनाला बोरिस कार्लोफ. न्यूमन बीबीसीत नाट्यविभागाचे प्रमुख झाले आणि मागोमाग तीही तिकडे गेली. १९६४मध्ये तिनं आयझॅक अ‍ॅसिमॉव्हच्या 'द केव्ह्ज ऑफ स्टील'वर नाटक करवून घेतलं, त्यात पीटर कुशिंग होता. मग ४ ऑक्टोबर १९६५ला बीबीसी-टूवर जॉन विंडमच्या कथेनं 'आउट ऑफ द अननोन' सुरू झाली.

कथा-संपादकाचं काम बाहेरून दिसत नाही. या मालिकेत ना कायमचा नायक, ना पुढच्या आठवड्यात पुन्हा वापरता येईल असा सेट. एका आठवड्यात मंगळ, दुसऱ्यात अणुयुद्धासाठी खोदलेलं तळघर, तिसऱ्यात यंत्रमानव. प्रत्येक भाग शून्यातून उभा करायचा आणि तोही टीव्ही नाटकाच्या बजेटमध्ये. म्हणजे कथा वाचतानाच ठरवावं लागणार की ही स्टुडिओच्या चार भिंतींत मावेल का. वाचताना अंगावर काटा येतो अशी कथाही पडद्यावर उभी राहीलच असं नाही. तिला हव्या होत्या त्या अशा कथा, ज्यांत कल्पना माणसांच्या बोलण्या-वागण्यातून उलगडते. म्हणूनच अ‍ॅसिमॉव्ह, फ्रेडरिक पोल, जे. जी. बॅलर्ड, जॉन ब्रनर. मॉर्देकाय रोशवाल्डच्या 'लेव्हल सेव्हन' या कादंबरीचं रूपांतर तर जे. बी. प्रीस्टलींनी केलं. ब्रनरच्या कथेवरल्या भागाचं नेपथ्य होतं पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या रिडली स्कॉटचं! यादी बघताना वाचणाऱ्या बाईची नजर जाणवते. मोठी नावं गोळा केली असं कुठेही वाटत नाही.

झोपते आता.

रविवार, दुपारी

सकाळपासून पाऊस. कथा वाचायला बसले, पण मन त्या आकड्याकडेच जातंय. चार हंगामांत मिळून ४९ भाग. आज पूर्ण उरलेत फक्त २०.

कारण अगदी साधं. व्हिडिओ टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरता यायची. कलावंत-लेखकांशी केलेल्या करारांमुळे जुनं नाटक हवं तितक्यांदा पुन्हा दाखवताही येत नव्हतं. त्यातच रंगीत टीव्ही आला आणि कृष्णधवल नाटकांना किंमत उरली नाही. पण रंगीत भागही वाचले नाहीत, १९६९च्या तिसऱ्या हंगामातले तर जवळजवळ सगळे गेले. फ्रेड हॉइल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, यांनी १९६१ साली बीबीसीसाठी जॉन एलियटबरोबर 'ए फॉर अँड्रोमेडा' लिहिली होती. तिचीही तीच गत, बहुतेक भाग गेले.

टेप पुसणाऱ्या माणसावर मी चिडू शकत नाही. त्याला टेप मोकळी करून द्यायची होती. तरी पोटात तुटतं.

शुबिक दोन हंगाम करून 'द वेन्सडे प्ले' या बीबीसीच्याच नाट्यमालिकेकडे गेली. तिच्यामागे अ‍ॅलन ब्रॉम्ली निर्माता झाले आणि १९७१च्या शेवटच्या हंगामात विज्ञानकथा मागे पडून मानसिक भयकथा आल्या. त्यांतले दोन भाग मी पाहिलेत. चांगले आहेत, पण ती कथा निवडणारी नजर मला त्यांत सापडत नाही. पुढे १९८०मध्ये तिनं पॉल स्कॉटच्या 'स्टेइंग ऑन' या कादंबरीवर टीव्ही-चित्रपट केला. त्यासाठी ती सिमल्याला आली होती, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

हरवलेल्यांत मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती 'द प्रॉफेट'ची. १ जानेवारी १९६७ला दाखवलेला भाग, अ‍ॅसिमॉव्हच्या 'रीझन' या कथेवरचा. अंतराळस्थानकावरचा यंत्रमानव म्हणतो, तुमच्यासारख्या दुबळ्या जीवांनी मला घडवलं हे मला पटत नाही. मग तो तिथल्या ऊर्जायंत्रालाच देव मानतो आणि बाकीचे यंत्रमानव त्याच्यामागे भजनाला लागतात. भागाची टेप गेली. यंत्रमानवांचे पोशाख मात्र उरले, ते रंग बदलून १९६८मध्ये 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या दुसऱ्या विज्ञानमालिकेत वापरले गेले. आणि उरलं ते भजन. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि संगीत बनवणाऱ्या विभागात, डेलिया डर्बीशरनं ते केलं होतं, स्तुतीचे शब्द टेपवर उलटे फिरवून. शब्द कळत नाहीत, पण कुणीतरी मनापासून आळवतंय हे कळतं.

आत्ता इअरफोन लावून ऐकलं. मग 'साभार परत'च्या ढिगातली कालची सातवी कथा वर काढली. तिचा शेवट फसलाय, पण मधल्या दोन पानांत एक म्हातारा बंद पडलेल्या रेडिओशी बोलतो, तो भाग रात्रभर डोक्यातून गेला नव्हता. लेखकाला फोन करून विचारते, शेवट पुन्हा लिहून देशील का.