आज तुळशीबागेत

"हात सैल सोड गं, सव्वादोनच बसेल तुला." कासारीणमावशींनी माझा हात हातात घेतला, बोटं जुळवून दाबली आणि हिरव्या काचेच्या बांगड्या एकेक करून चढवल्या. माझ्या कोडाच्या पांढऱ्या डागांवरून त्यांचा अंगठा सहज फिरत होता. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

लहानपणी लग्नघरात बांगड्या भरताना मला मागे बसवायचे. "तिच्या तिला भरू दे." हळदीकुंकवाचा करंडाही लांबूनच पुढे यायचा.

कोड शिवल्याने होत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, एवढंच. २५ जूनला जागतिक कोड दिन असतो, माहिती सगळीकडे आहे. तरी चांगल्या शिकलेल्या घरांतही स्थळ बघताना सूर बदलतोच.

तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल, तर तिला पुढे बसवता ना?