प्रद्युम्न तुतारी का फुंकतो?

जळगावच्या एका शिक्षकमित्राने मराठी कवींवर रचलेले गूढ शब्दकोडे मी नुकतेच सोडवले. सगळी उत्तरे कवींची नावे आहेत हे आधीच ठाऊक असले की ओळखीची नावे आठवून घरे भरण्याचा मोह होतो आणि शोधसूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारी शब्दखेळातली खूण, उलगडायचे राहून जाते. माझ्या मते, उत्तर सुचले तरी सूत्रातला शब्दन् शब्द त्याला लागू पडेपर्यंत ते लिहू नये.

‘प्रद्युम्न तुतारी फुंकतो (५)’ हे सूत्र मला सर्वांत आवडले; कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. तुतारीवरून कवी चटकन ओळखू येतो, परंतु प्रद्युम्न तेथे कशासाठी आला हे कळल्याखेरीज समाधान होत नाही. प्रद्युम्न हा श्रीकृष्णाचा, म्हणजेच केशवाचा पुत्र, म्हणून केशवसुत. काही वर्षे फैजपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या या कवीला खानदेशी कोड्यात पहिला आडवा शब्द मिळाला, हे उचितच झाले. ‘बलराम प्रेमाचा शाहीर होतो (५)’ हे सूत्रही त्याच यादवकुळातले. उत्तर अर्थात गोविंदाग्रज. ‘फुलाआधी जन्मलेला (५)’ यात कुसुम आणि अग्रज सापडतात, पण कवीची निराळी खूण नाही. ते काम कोड्याच्या विषयावर सोपवले आहे. केशवसुतांमधला ‘सु’ कुसुमाग्रज या उभ्या शब्दाच्या दुसऱ्या घरात येतो. मराठीत काना-मात्रा-उकारासह अख्खे अक्षर एका घरात बसत असल्यामुळे असा सांधा जुळवणे रचणाऱ्याची परीक्षा पाहते.

‘जिन्यावरचा देव आईची गाणी उतरवून घेतो (५)’ म्हणजे सोपानदेव. असोद्याच्या लेकीची, बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली ती त्यांच्यामुळे, त्यामुळे ‘उतरवून’ हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी चपखल बसला आहे. त्या मानाने ‘लहान वयाचा कवी (४)’ हे सूत्र अगदीच दुबळे वाटले. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक ठोंबरे यांना १९०७ च्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळाली ती जळगावातच. एवढा ऐवज घरचा असताना नुसती नावाची फोड करून का थांबावे?

‘मनोहर विस्कटला, काना लागला आणि रानात कविता करू लागला (४)’ या सूत्रावर मात्र आमचा वाद झाला. ‘मनोहर’मधील ‘नो’ आणि ‘ह’ यांची अदलाबदल करून ‘ह’ला काना दिला की महानोर मिळतात. सुटा काना बाहेरून आणणे नियमात बसत नाही, असे घरच्यांचे म्हणणे पडले. सूत्रातच काना लागल्याचे सांगितले असल्याने मला ते मान्य नाही.

चाफ्याला बोलते करू पाहणारे कवी ‘बी’ या कोड्यात नाहीत. मित्राला विचारले, तर त्याने त्यांच्यासाठी सूत्रही करून ठेवले होते, परंतु एकाच घराचा शब्द आडव्यांत घालावा की उभ्यांत, हे त्याला ठरवता आले नव्हते.